हातात नारळ घेऊन हुतूतू

आटपाट नगर होतं, सौदी अरबस्तानातलं, त्याचं नाव यान्बू. एका अंगाला तांबडा समुद्र, दुसऱ्या अंगाला रिफायनरीच्या चिमण्या. त्या नगरात माझी लेक वैशाली राहायची, हॉस्पिटलात नर्स. तिचा नवरा प्रकाशराव, इंडियन स्कूलमध्ये पीटीचे सर. माझा धाकटा संतोष कंपनीच्या कॅम्पात राहायचा, क्रेन चालवायचा. आणि शुक्रवारी या सगळ्यांना जेवायला घालायची मी, दापोलीहून व्हिजिट व्हिसावर आलेली म्हातारी.

शुक्रवारी आमच्याकडे आठ-दहा मराठी माणसं असायची. माणसं जेवली की बोलतात आणि बोलली की किस्से उरतात. फ्रीजमधल्या डब्यांसारखं आहे ते. एकामागे एक आत ढकलत जायचं, आणि एक दिवस दार उघडलं की सगळे अंगावर! आज मी दार उघडलंय.

*

या मंडळींना वेड रग्बी लीगचं. इथल्या प्लँटांवरच्या गोऱ्या इंजिनियरांनी आणलेला खेळ. तेरा-तेरा गडी. लांबुळका चेंडू हातात धरून समोरच्यांच्या शेवटच्या रेघेपर्यंत पळायचं आणि तिथे तो जमिनीला टेकवायचा. समोरचे वाटेत धरून पाडतात. पाडलं की उठून पुन्हा सुरू. सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांचा.

आपल्या लोकांच्या टीमचे कोच प्रकाशराव. पुण्याला कॉलेजात खेळलेले. मी पहिल्यांदा मॅच पाहिली आणि जेवताना सहज म्हटलं, "अगो वैशाली, हा तर आपला हुतूतू! नुसता हातात सोललेला नारळ दिलाय!"

सगळे हसले. प्रकाशराव हसले नाहीत. त्यांचा घास हातातच राहिला.

माझं मेलीचं तोंड!

*

पुढच्या शुक्रवारी त्यांनी नवी टीम वाचून दाखवली. आत दोन नवी नावं, पांडुरंग आणि अस्लम. पांडुरंग गुहागरचा वेल्डर, अस्लम श्रीवर्धनचा, परांच्या बांधणारा. दोघं कॅम्पातल्या वाळूत कबड्डी खेळायचे. रग्बीचा चेंडू जन्मात हातात धरला नव्हता.

आणि बाहेर दोघं. म्हात्रे इलेक्ट्रिशियन, आणि माझा संतोष.

मग जे पेटलं! देशपांडे डॉक्टर म्हणजे टीमचे सगळ्यात जुने फॅन. ते म्हणाले, "सर, अनुभव नावाची काही चीज असते की नाही? उद्या ऑपरेशनला मी वेल्डर उभा करू?"

प्रकाशराव म्हणाले, "डॉक्टर, तुमचं पहिलं ऑपरेशन तुम्ही कितव्या अनुभवावर केलंत?"

म्हात्रे ओरडले, "सहा वर्षं गुडघे फोडले मी या टीमसाठी!"

"म्हणूनच म्हात्रे. आता गुडघे उरलेत कुठे?"

संतोष मात्र उठला. सुरमईची तुकडी ताटात अर्धीच. हात धुतला, "आई, येतो," म्हणाला आणि गेला. त्यानंतरच्या शुक्रवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मेव्हण्यानं मेव्हण्याला बाहेर बसवलं, आणि ते माझ्या एका वाक्यावरून!

माझं परतीचं तिकीट फायनलच्या दुसऱ्या दिवसाचं होतं. विमानात बसायच्या आधी जावई आणि मुलगा एका चटईवर जेवताना बघायचे, एवढंच मी समुद्राकडे तोंड करून मागत होते.

*

पांडुरंगाची पहिली प्रॅक्टिस. अख्खं गणगोत बघायला.

चेंडू त्याच्या हातात आला. तो वाऱ्यासारखा सुटला! समोरचा गडी आडवा आला तशी पांडुरंगानं त्याच्या खांद्याला हलकेच हात लावला, गर्रकन वळला आणि आला त्याच्या दुप्पट वेगानं आपल्याच रेघेकडे परत! रेघ ओलांडून दोन्ही हात वर!



प्रकाशराव डोक्याला हात लावून म्हणाले, "पांडुरंगा, परत का आलास?"

"सर, गडी मारला ना!"

डॉक्टर माझ्या कानात पुटपुटले, "आजी, उलटा का होईना, पण पळाला काय हो!"

*

पहिल्या मॅचला त्याहून कहर. पांडुरंगाला दोघांनी पाडलं. हा उठला, अंगाची वाळू झटकली, चेंडू नीट रेफरीच्या हातात दिला आणि बाहेर येऊन मांडी घालून बसला. अगदी माझ्या खुर्चीशेजारी. मैदानात बारा जण खेळताहेत आणि रेफरी तेरावा शोधतोय!

"अरे, इथे काय बसलायस?"

"आजी, मी बाद झालो. आता आपला कोणीतरी गडी मारेल, मग मी जिवंत."

पलीकडून म्हात्रे खदखदा हसत होते. मला कसंसंच झालं. याला खेळात ढकलला कोणी? मीच ना! मी म्हटलं, "बाळा, इथे एकदा धरलं म्हणून कोणी मरत नाही. इथे सहा जीव असतात!"

त्याचे डोळे एवढे मोठे झाले. "सहा? आणि हे लोक सहा जीव असून एवढे घाबरत खेळतात?"

आणि जो आत पळाला!

*

अस्लम मूठभर माणूस. समोरच्या टीमचा एक गोरा आमच्या फ्रीजएवढा. तो चेंडू घेऊन निघाला की आपले लोक वाटेतून बाजूलाच व्हायचे, ट्रकला जागा द्यावी तसे. त्या दिवशी तिघांना उडवून तो पुढे गेला. समोर एकटा अस्लम.

डॉक्टरांनी बॅग उघडून ठेवली. खोटं नाही सांगत.

अस्लम त्याच्या छातीकडे गेलाच नाही. खाली बसला, आणि गोऱ्याचा पाय जमिनीवरून उचलला जातोय तेवढ्यात घोटा धरला. दोन हातांनी. झालं! आधी गोरा थांबला, मग हलला, मग झाड पडावं तसा आडवा. मला खुर्चीत हादरा जाणवला.

या वयात मी पुष्कळ पाहिलंय. पण त्या क्षणी मी खुर्ची सोडून उभी राहिले.

मॅच संपल्यावर तो गोरा मुद्दाम शोधत आला. अस्लमला वरून खाली न्याहाळलं, स्वतःच्या घोट्याकडे बघितलं आणि हात जोडल्यासारखं करत विचारलं, "हाउ?"

अस्लम म्हणाला, "श्रीवर्धन."

*

तरी म्हात्रे ऐकेनात. त्यांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, 'प्रकाश हटाव'. भराभर टीमचे सगळे नंबर त्यात टाकले. आणि सवयीनं पहिलाच नंबर टाकला प्रकाशरावांचा!

अर्धा दिवस ग्रुपवर शिव्यांचा पाऊस. संध्याकाळी प्रकाशरावांचा मेसेज पडला, "मित्रांनो, मुद्दे पटले. शुक्रवारी कोलंबीभात आहे. जेवायला या, तिथेच हटवू."

सगळे आले! म्हात्रे तर दोनदा वाढून घेऊन म्हणाले, "आजी, निषेध कायम आहे बरं का!"

प्रकाशरावांनी त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, "फायनल हरलो तर ही शिट्टी मी खाली ठेवतो. पण पांडुरंग-अस्लमला बसवणार नाही." गळ्यातली शिट्टी हातात धरून बोलले. वैशालीनं माझ्याकडे बघितलं. मी भातात बघितलं.

*

आता डब्याचं सांगते. संतोष येत नव्हता तरी शुक्रवारचा डबा जायचाच. न्यायचा कोण? पांडुरंग! दोघं कॅम्पात एकाच खोलीत. ज्यानं जागा घेतली त्याच्याच हाती आईचा डबा. मला वाटायचं, घेईल का हा पोरगा? की तसाच परत पाठवेल?

डबा परत यायचा, घासूनपुसून लख्ख. आणि आत खजूर. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत, हे लेकरू वाळवंटात राहूनही विसरलं नव्हतं. खजूर येताहेत तोवर मुलगा माझा आहे, असं मी मनाला सांगायचे.

एकदा मी पांडुरंगाला विचारलं, "काय म्हणतो रे संतोष?"

"काही नाही आजी."

"खोलीत बोलता तरी का एकमेकांशी?"

पांडुरंग चपलेत पाय घालत म्हणाला, "बोलत नाही दादा फारसं. उशी फाटलीय त्याची, एवढं मात्र खरं."

मी नवी उशी पाठवली. दोन आठवड्यांत तीही फाटली! आता माणूस झोपतो तरी कसा, काही कळेना.

*

आणि फायनल.

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची नमाज झाली आणि मॅच सुरू झाली. माणसं मावत नव्हती. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागे. पाच जीव गेलेले, सहावा उरलेला. चेंडू पांडुरंगाकडे.

तो दोघांच्या मधून सुटला. रेघ दोन हातांवर राहिली आणि तिघांनी धरला. एक कमरेला, एक पायांना, एक पाठीवर. पांडुरंग गुडघ्यांवर आला. डॉक्टरांनी डोळे मिटले. "गेलं! शिट्टी गेली!"

पण मी मिटले नाहीत. त्याचे गुडघे टेकले होते, चेंडूचा हात टेकला नव्हता. भरली कळशी ओढ्यातून न्यावी तसा तो हात वर धरलेला. ओठ हलत होते. एवढ्या लांबून ऐकू कसं येणार? पण मला माहीत होतं तो काय म्हणतोय. एका दमात, श्वास न सोडता, कबड्डी कबड्डी कबड्डी...

तिघं ओढताहेत मागे, आणि हा तसूतसूनं लांबतोय पुढे. माणूस एवढा लांबतो? पाठ लांबली, खांदा लांबला, मनगट लांबलं. आणि बोटांच्या शेवटी धरलेला तो चेंडू अलगद रेघेवर टेकला.

रेफरीचा हात वर गेला! चार गुण, वेळ संपली, फायनल आमची!

म्हात्रे रडत होते. निषेध कायम ठेवून रडत होते.

प्रकाशराव धावत आत गेले, आम्ही मागोमाग. त्यांनी पांडुरंगाला उठवून बसवला. "अरे, गुडघे टेकले तरी चेंडूचा हात टेकेपर्यंत माणूस जिवंत असतो, हे मी तुला शिकवलंच नव्हतं! कोणी शिकवलं?"

पांडुरंगाला धाप लागलेली. त्यानं नुसता हात केला, गर्दीच्या शेवटच्या रांगेकडे.

तिथे संतोष उभा होता. ड्युटीवरून थेट आलेला, अंगावर क्रेनवरचे कपडे. दंडावर, गळ्यावर ओरखडेच ओरखडे. काखेत एक उशी असावी तसा हात अजून वाकवलेला. त्यांच्या खोलीतल्या दोन उशा कशा फाटल्या, ते मला तेव्हा कळलं.

प्रकाशराव चालत गेले. गळ्यातली शिट्टी काढली आणि संतोषच्या गळ्यात घातली.

संतोषनं ती हातात घेऊन पाहिली, शर्टाला पुसली आणि म्हणाला, "भावोजी, उष्टी आहे."

त्या दिवशी चटईवर दोघं शेजारी बसले. मी सुरमई तळत होते, वैशाली वाढत होती. प्रकाशरावांनी न विचारता संतोषच्या ताटातली तुकडी उचलली. संतोषनं त्यांच्या वाटीतली सोलकढी पिऊन टाकली.

पांडुरंग डबा घेऊन दारात उभा होता. "आजी, आज डबा कोणाला न्यायचा?"