असुविधेचा खेद वाटणारे घरमालक

सबंध काशीत मरणाला भिणारा माणूस एकच होता, आणि बँकेने माझी बदली सांगलीहून बनारसला केली तेव्हा मी नेमका त्याच्याच घरात भाडेकरू म्हणून जाऊन पडलो. बाकीचं गाव मरणाच्या बाबतीत अगदी निर्ढावलेलं. चहाच्या दुकानाशेजारून प्रेतयात्रा गेली तर लोक पाय आत घेतात आणि उरलेला चहा पितात. लांबलांबून म्हातारी माणसं इथे खास मरायला येऊन राहतात आणि मरण लांबलं तर कुरकुरतात. अशा गावात, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत, पिढ्यान्‌पिढ्या राहूनही आमचे मराठी घरमालक 'राम नाम सत्य है' कानावर पडलं की जवळ दिसेल त्या दारात शिरायचे. एकदा असे शिरले ते नेमके एका वैद्याच्या दवाखान्यात, आणि शिरलोच आहोत तर म्हणून नाडी दाखवून आले. वैद्य म्हणाले, तुम्हाला काहीही झालेलं नाही. त्या दिवसापासून घरमालकांनी त्या वैद्याचं नाव टाकलं.

मी त्यांना काका म्हणत असे आणि ते मला 'बँकवाले' म्हणत. काका रेल्वेतून निवृत्त झाले होते. कँट स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करणं हे त्यांचं काम. गाडी उशिरा आहे हे ते अशा काही आवाजात सांगायचे म्हणे, की ऐकणाऱ्याला वाटावं, बिचारीला काही घरची अडचण आली असेल, येईल सावकाश. शेवटचं 'असुविधा के लिए हमें खेद है' हे वाक्य बाकीचे घोषणावाले उरकून टाकत. काकांना मात्र दर गाडीचा खराखुरा खेद वाटायचा. निवृत्तीनंतर गाड्या गेल्या, खेद राहिला. रविवारी मला वर जेवायला बोलावलं की जिन्याच्या तोंडाशी उभे राहून घोषणा करत, "बँकवाले, कृपया ध्यान द्या. वरणाला अजून उकळी आलेली नाही. खेद आहे." आणि आतून काकू म्हणत, "अहो, खेद पुरे, आधी पाटपाणी घ्या."

भिण्याचं काकांनी एक शास्त्रच केलं होतं. भाजी लाल औषधाच्या पाण्यात बुडवून काढल्याशिवाय घरात येत नसे, त्यामुळे त्यांच्याकडचा फ्लॉवर कायम गुलाबी असायचा. काका घाटावर रोज पहाटे जायचे, पण स्नानाला नव्हे. कळशीभर गंगा घरी आणायची, उकळायची, आणि मग स्नान करायचं. मी एकदा विचारलं, "काका, गंगेवर विश्वास नाही का?" तर म्हणाले, "गंगेवर पूर्ण श्रद्धा आहे हो. तिच्यात उतरणाऱ्यांवर नाही." मी खाली खोलीत शिंकलो की पाचव्या मिनिटाला वरून दोरीला बांधलेला आल्याचा काढा उतरायचा. काढा प्यायल्याची खात्री होईपर्यंत दोरी वर जात नसे. मला राग यायचा खरा, पण घरापासून इतक्या लांब आपल्या शिंकेची कुणी एवढी दखल घेतं याचं बरंही वाटायचं.

अशा या माणसाच्या आयुष्यात चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली. काकांची एकुलती एक मुलगी शालू सुरतेलाच दिली होती. जावई तिथे कापडाच्या कारखान्यात इंजिनिअर. शालूचं लग्न झाल्यावर केवळ तिच्याशी बोलता यावं म्हणून काकांनी घरात फोन घेतला होता. आता रोज वर्तमानपत्रात सुरत सोडून पळणाऱ्या लोकांच्या गर्दीचे फोटो येत होते, आणि शालूचा फोन येत नव्हता. इकडून लावावा तर लाइन मिळत नव्हती. काकांनी खुर्ची फोनजवळ नेऊन ठेवली आणि तिथेच मुक्काम ठोकला. काकू देवापाशी बसल्या. "तुम्ही त्या डब्याकडे बघा, मी या देव्हाऱ्याकडे बघते," त्या म्हणाल्या, "कुणाचा तरी आधी बोलेल."

बोलला फोनच, पण शालू नव्हती. झालं होतं असं, की सरकारने प्लेगच्या चौकशीसाठी शहरात एक नंबर जाहीर केला होता, आणि त्यातले शेवटचे दोन आकडे उलटे फिरवले की काकांचा नंबर होत असे. घाबरलेला माणूस आकडे सरळ फिरवतो थोडाच! फोन वाजायचा, काका झडप घालून "शालू?" म्हणायचे, आणि पलीकडून कुणीतरी रडवेल्या आवाजात विचारायचं, "साहब, हमको बुखार है, हम बचेंगे?" दुसरा कुणी 'रॉन्ग नंबर' म्हणून मोकळा झाला असता. काकांची सारी नोकरी अडकलेल्या प्रवाशांना धीर देण्यात गेली होती. त्यांच्या तोंडून 'रॉन्ग नंबर' फुटेना. ते घसा साफ करून स्टेशनच्या आवाजात म्हणाले, "कृपया शांत रहिए. आप कहाँ से बोल रहे हैं?" आणि बनारसच्या लोकांनी तो आवाज ओळखला. म्हणजे कुणाचा ते नव्हे, पण हा आवाज खोटं सांगत नाही, उशीर असला तर उशीर म्हणतो, एवढं त्यांच्या कानांना माहीत होतं. दोनच दिवसांत लोक मुद्दाम आकडे उलटे फिरवायला लागले.

औषध काका कधीच सांगत नसत. ताप उतरत नसला तर मात्र "आधी इस्पितळात जा, मग मला फोन करा," असं दरडावत. बाकीच्यांकडून ते त्यांचीच तपासणी करून घेत. एकदा एका पैलवानाचा फोन आला. मी शेजारीच होतो, आणि पैलवानाचा आवाज असा की रिसीव्हरची गरजच नव्हती.

"गुरुजी, काँख में दरद हौ. हम त गइलीं!"

"गाँठ है?"

"टटोले में डर लगत हौ."

"मैं लाइन पर हूँ. आप टटोलिए."

पलीकडे पैलवान काख चाचपत असावा. मग बारीक आवाज आला, "नाहीं हौ."

"आज दंड कितने मारे?"

"रोज से दुगुना. डर के मारे."

"तो दर्द राइट टाइम है," काका म्हणाले आणि फोन ठेवून त्यांनी हळूच स्वतःच्या दोन्ही काखा चाचपल्या. दर फोननंतर ते असं करत. एका आजीबाईंनी आपण कधी मरणार ते स्पष्ट सांगा म्हणून हट्टच धरला, तेव्हा त्यांना म्हणाले, "माताजी, आपकी मृत्यु अनिश्चित काल के विलंब से चल रही है. असुविधा के लिए हमें खेद है." आजीबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि ठसका ऐकून काका घाबरले.

परवाच्या मोठ्या साथीत मी पुण्यात घरात एकटाच अडकलो होतो, तेव्हा मुलीने मला कॉम्प्युटरवर मन शांत करायचा एक कार्यक्रम लावून दिला. एक बाई गोड आवाजात 'श्वास घ्या, सोडा' सांगतात, मागे पाणी वाहतं. मी इमानाने श्वास घेतले, सोडले, बरंही वाटलं, उगाच नावं ठेवणार नाही. पण त्या बाई कशालाच घाबरलेल्या नव्हत्या. काका फोन करणाऱ्यापेक्षा दुप्पट घाबरलेले असायचे, आणि ते पलीकडच्याला आवाजातून कळायचं. एवढा घाबरलेला माणूस जर फोन उचलून बोलू शकतो, तर आपणही उठून चहा टाकावा, असं त्याला वाटत असणार.

शालूचा फोन मात्र येतच नव्हता. काका शंभर जणांना धीर देत आणि मधल्या मिनिटात रिसीव्हरकडे बघत बसत. जेवण निम्म्यावर आलं. गुलाबी फ्लॉवर पांढराच यायला लागला, कारण भाजीकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

एके संध्याकाळी बँकेतून परतलो तर काकू जिन्यात बसून रडत होत्या आणि काका घरात नव्हते. समोरच्या घरात काकांचे चुलत भाऊ राहत, साड्यांच्या दुकानाचे मालक; काका त्यांना भैया म्हणत. जन्म बनारसचा, त्यामुळे त्यांच्या मराठीत मराठी शोधावी लागायची. ते हात चोळत उभे होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"बहुत बुरा झालं, बँकवाले. शालूच्या सासूचा भुसावळहून माझ्या दुकानात फोन आला. दादाचा फोन कालपासून लगत नव्हता म्हणून. बोलल्या, शालू आणि दामाद सुरतेहून गाडीत बसलेत, इकडेच येतायत. आणि शालूला गाँठ पडली! मग लाइन कटली. मी दादाला सांगितलं, तर दादा तसाच स्टेशनला पळाला."

प्लेगची गाठ! पण गाठ कुणाला 'पडते' कशी? गाठ येते, उठते. सांगलीचं माझं मराठी कुठेतरी अडखळलं.

"त्या नेमकं काय म्हणाल्या? त्यांचेच शब्द सांगा."

ते आठवून म्हणाले, "'स्टेशनवर शालूशी गाठ पडली.' बस्स, इतनाच."

"शालूशी म्हणाल्या, की शालूला?"

"शी काय नि ला काय! बात तर एकच ना?"

मी त्यांना तिथेच मिठी मारायची बाकी ठेवली. "अहो, शालूशी गाठ पडली म्हणजे मुलाकात झाली! सासूबाई गाडीवर भेटायला गेल्या असतील, डबा घेऊन!" काकू रडता रडता थांबल्या, माझ्याकडे बघितलं, मग दिराकडे असं बघितलं की ते दुकानाकडे चालू लागले. भुसावळला उलट फोन लावून पाहिला, पण लाइन मिळेना. मी रिक्षा केली आणि स्टेशन गाठलं.

काका फलाटावरच्या बाकड्यावर नाकाला रुमाल बांधून बसले होते. ज्या गाडीच्या आसपास कुणी फिरकायला तयार नव्हतं, त्या गाडीची वाट बघत काशीतला सर्वांत भित्रा माणूस बसला होता. मी धापा टाकत त्यांना 'शी' आणि 'ला' समजावून सांगितलं.

"म्हणजे सगळं एका अक्षरावर आहे?"

"हो काका."

"आणि ते अक्षर भैयाने ऐकलंय." त्यांनी नाकावरच्या रुमालाची गाठ चाचपली. मग म्हणाले, "बँकवाले, तुमचं व्याकरण खरं ठरू दे."

तेवढ्यात वर भोंग्यातून कुणा नव्या माणसाचा आवाज आला. गाडी विलंबाने धावत होती आणि असुविधेबद्दल त्याला खेद होता. काकांनी भोंग्याकडे पाहिलं. "आयुष्यभर मी हे वरून सांगत आलो," ते म्हणाले. "खाली बसून ऐकताना असं वाटतं, हे मला कुणी सांगितलं नाही." मी त्यांचा हात धरला.

गाडी आली. फलाटावरचे लोक मागे सरले, हमालसुद्धा लांब उभे राहिले. काका मात्र उठून सरळ गर्दीत घुसले, आणि घुसताना त्यांनी नाकावरचा रुमाल ओढून काढला. "अहो, काय करताय?" मी ओरडलो. "ती ओळखणार कशी मला?" एवढंच म्हणाले. शालू डब्याच्या दारात दिसली. दमलेली, केस विस्कटलेले, हातात सासूबाईंनी दिलेला पितळी डबा. काकांनी आधी तिचा गळा चाचपला.

"मंगळसूत्र आहे हो बाबा जागेवर!" ती म्हणाली. "कुठे गर्दीत गेलं असं वाटलं का तुम्हाला?"

काका तिला धरून लहान मुलासारखे रडले. जावई वाकून नमस्कार करायला लागला, तर त्याला उठवून मिठी मारली, आणि त्या मिठीत त्याच्या दोन्ही काखा दाबून पाहिल्या. जावयाला गुदगुल्या झाल्या. सुरतेहून आलेला माणूस बनारसच्या फलाटावर खदाखदा हसतोय हे पाहून तपासणीला आलेले डॉक्टरही हसले.

घरी आल्यावर काकूंनी दृष्ट काढली, गरम पाणी ओतलं, आणि शालू जरा टेकल्यावर म्हणाली, "बाबा, पण तुमचा फोन सतत एंगेज कसा? सुरतेत रांगेत उभं राहून राहून किती वेळा लावला! एकदाही लागला नाही. शेवटी बनारसला काय झालंय, तुम्हाला काय झालंय, या काळजीनेच आम्ही निघालो."

काकांचा चेहरा उतरला. ज्या फोनची वाट बघत ते फोनपाशी बसले होते, तो फोन त्यांनीच अडवून धरला होता. आणि तेवढ्यात फोन वाजला. काका जागचे हलले नाहीत. बाप उचलत नाही असं पाहून शालूने रिसीव्हर उचलला, पलीकडचं ऐकलं, बराच वेळ ऐकलं, आणि मग रिसीव्हर बापापुढे धरून हलकेच म्हणाली, "घ्या बाबा. तुमचाच आहे."

साथ आली तशी गेली. शालू आणि जावई सुरतेला परतले. गावही पूर्वीसारखं निर्भय झालं आणि काकांना विसरलं. घाबरलेला माणूस बरा झाला की आधी काय विसरत असेल तर आपण घाबरलो होतो हे. लोक बरे आहेत याचा काकांना मनापासून आनंद होता, पण फोन वाजत नव्हता. ते मधूनच रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे ना ते पाहत आणि परत ठेवत. मला ते बघवत नसे. म्हणून मग बनारसला होतो तोवर दुपारी बँकेतून मी अधूनमधून त्यांना फोन करायचो. काही काम नसायचं.

"काय बँकवाले, घाबरलात का?" ते विचारायचे.

"हो काका, जरासा," मी म्हणायचो, आणि पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज यायचा.