स्टार म्हणजे सगळे

एक्स-रे विभागातले संगणक सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ‘अवतरणबाई’ म्हणत. फाइलच्या नावात कुणी जागा सोडली, कंस टाकला, प्रश्नचिन्ह ठेवलं की बाईंचं डोकं फिरायचं. “हुकूम देताना असलं नाव अवतरणचिन्हांत घाला हो,” हे सांगून सांगून त्यांचा घसा कोरडा पडला होता. लोक हसायचे. हसण्यात पहिला नंबर विभागप्रमुख डॉक्टरसाहेबांचा.

साहेबांना एक खोड होती. गंभीर पेशंटच्या फाइलला ते नावाआधी स्टार, म्हणजे * ही खूण, लावायचे. बाईंनी दहादा बजावलं, “साहेब, तुमच्या लेखी स्टार म्हणजे महत्त्वाचा. या मशिनच्या लेखी स्टार म्हणजे सगळे.”

“मग मशिनला शिकवा की, बाई.”

शिकवा म्हणे. बावीस वर्षांत माणसंच शिकली नव्हती.

त्या दुपारी बाई जेवायला गेल्या होत्या. आजच्या फोल्डरमध्ये साहेबांना एक रिकामी फाइल दिसली, नाव नुसतं स्टार. घाईत त्यांच्याच हातून झालेली. पण बाईंची वाट बघतील तर ते साहेब कसले? पुसायचा हुकूम टाइप केला, पुढे अवतरणचिन्हांशिवाय नुसता स्टार, आणि एंटर. मशिनने हूं की चूं न करता सकाळचे सगळे एक्स-रे पुसून टाकले. फाइलींची नक्कल निघायची संध्याकाळी, त्यामुळे मागे काही उरलं नाही.

त्यात एका निवृत्त शिक्षिकेचे एक्स-रे होते. खुब्याचं हाड मोडलेलं, चार वाजता ऑपरेशन. सकाळी कुशीवर वळवताना त्यांनी ओठ चावून रक्त काढलं होतं. “आता पुन्हा नाही ना हलवणार?” त्यांनी विचारलं, तेव्हा शेजारी बाईच होत्या. “नाही हो आजी,” असा शब्द बाईंनीच दिला होता.

बाई परतल्या तेव्हा साहेब म्हणाले, “तांत्रिक बिघाड झालाय. आधी त्या खुब्याच्या पेशंटला पुन्हा आणायला सांगा. नोंदही तशीच करा.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिघाड? पडद्यावर साहेबांचा हुकूम अजून तसाच दिसत होता. मशिनने सांगितलं तेवढंच केलं होतं. अख्ख्या विभागात दुसरं कुणी तेवढंही करत नव्हतं.

स्ट्रेचर आत आलं. आजींनी खोली ओळखली आणि डोळे मिटून घेतले. तंत्रज्ञ पुढे झाला, त्याला बाईंनी हातानेच थांबवलं.

“साहेब, पाय तुम्ही धरा.”

“मी?”

“तुम्हीच. आणि वळवायच्या आधी का वळवताय ते त्यांना सांगा.”

साहेब वाकले. “आजी, माझ्या हातून चूक झाली,” ते कसंबसं म्हणाले. आजींनी डोळे उघडले, पण त्या साहेबांकडे पाहतच नव्हत्या. त्या बाईंकडे पाहत होत्या.