न पाठवलेल्या सहा असाइनमेंट्स

खरं तर हे मी लिहावं का, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं, आणि शिक्षणाबद्दल चार शब्द सांगावेत असं माझ्याकडे काही नाही. एका आठवड्याची आठवण आहे, तेवढीच. वाचणाऱ्याने माफ करावं.

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहायचो. बाबा हॉस्पिटलात पोर्टर होते. पेशंटना वॉर्डातून एक्स-रेला न्यायचे-आणायचे. मी सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्याकडच्या अकरावी-बारावीला होतो. मला हव्या असलेल्या इंजिनिअरिंगच्या कोर्ससाठी फर्दर मॅथ्स, म्हणजे नेहमीच्या गणितापुढचा वेगळा विषय, लागायचं, आणि आमच्या शाळेत ते शिकवणारं कोणी नव्हतं. म्हणून तो विषय हवा असलेल्या आम्हा तिघांसाठी वेगळी सोय झाली. मॅडम दुसऱ्या शहरातल्या, लीड्सच्या. धडे आणि असाइनमेंट्स वेबसाइटवर, आणि टर्ममध्ये दोनदा त्या स्वतः येणार.

मी गणितं कच्च्या वहीत सोडवायचो, मग पक्क्या वहीत उतरवायचो, मग लायब्ररीत स्कॅन करून वेबसाइटवर चढवायचो. पानाखाली दोन बटणं होती, सेव्ह आणि सबमिट. मी सेव्ह दाबायचो. वाटायचं, मॅडम बघतील, ठीक आहे म्हणतील, मग द्यायचं. घरी मला तशीच सवय होती. बाबांचा चहा संपून ते चष्मा लावेपर्यंत मी वही घेऊन शेजारी उभा राहायचो. त्यांना गणित कळायचं नाही, पण त्यांनी पान उलटल्याशिवाय वही दप्तरात जायची नाही.

सहा आठवडे मी असाच उभा होतो म्हणायचं. सेव्ह केलेलं मॅडमना दिसतच नाही, हे मला माहीत नव्हतं. त्या शाळेच्या ईमेलवर आठवण करून देत होत्या, तो मी कधी उघडलाच नव्हता.

गुरुवारी आम्हा तिघांतली मैत्रीण म्हणाली, "माझ्या सहाही तपासून आल्या. तुझ्या?"

"अजून त्यांनी मागितल्या नाहीत."

ती हसली, मग थांबली. "मागितल्या नाहीत म्हणजे? तू सबमिट केलं नाहीस? उद्या परीक्षेला बसणाऱ्यांची यादी जातेय. सहा तपासलेल्या नसतील तर नाव जाणार नाही."

लायब्ररीतले कॉम्प्युटर भरलेले होते. मी घरी पळालो. सहाही पाठवल्या आणि मॅडमना एक मेसेज लिहिला. तो तीनदा खोडला. चूक कबूल करताना इंग्रजीत किती नम्र व्हायचं असतं ते कळेना.

शुक्रवारी दुपारी क्लास नव्हता. एक वाजल्यापासून मी घरी त्याच पानासमोर होतो. पान परत उघडायचं, वर मॅडमचं काही उत्तर नाही, परत उघडायचं. आमच्याकडे नेट फोनच्या लाइनवर चालायचं, ते चालू असलं की फोन एंगेज. उठून खिडकीपाशी गेलो, परत आलो. पाणी ओतलं आणि प्यायलो नाही.

"अरे, लाइन सोड जरा," आई म्हणाली. "मावशीचा फोन यायचाय."

"पाच मिनिटं."

"तुझी पाच मिनिटं जेवणापासून चाललीयेत. त्या मॅडमनी स्वतः फोन केला ना, तरी लागणार नाही."

"त्या फोन नाही करत गं. सगळं ऑनलाइन असतं."

साडेचारला बाबा आले. युनिफॉर्मवरच होते, कोट न काढता दारातच उभे राहिले.

"शाळेतून फोन होता," ते म्हणाले. "आमच्या पोर्टर्सच्या खोलीत. दुपारभर घरचा लागत नव्हता म्हणे. मला वाटलं, तुला काही झालं."

"अहो, पण म्हणाले काय?" आईने विचारलं.

 मला नेट बंद करायचंही सुचलं नाही.

बाबांनी खिशातून वॉर्डाची चिठ्ठी काढली. एका बाजूला कुठल्याशा पेशंटचा बेड नंबर होता. दुसऱ्या बाजूला त्यांनी फोनवर ऐकलेलं जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. आधी चष्मा लावला, मग सावकाश वाचलं: मॅडमनी आज सकाळी सहाही तपासल्या, मार्क वेबसाइटवर नंतर चढवतील. यादी तीन वाजता गेली. तुमच्या मुलाचं नाव त्यात आहे.