सातव्या प्रकरणातला दरोडेखोर

खालापूरच्या कचेरीतला शिपाई वखारीत तांदूळ न्यायला आला होता. पोत्याचे तोंड शिवून होईपर्यंत उभा असताना म्हणाला, "तुमचे सदूभाऊ गेले, दिवाणजी. मंगळवारी." माझ्या तोंडून निघाले, "आणि कादंबरी?" शिपाई माझ्याकडे बघतच राहिला. माणूस गेल्याच्या बातमीवर अशी चौकशी करणारा मीच एकटा असेन. पण सदूभाऊंना हे कळले असते तर ते हसले असते…

सदूभाऊ त्या कचेरीत कारकून. दिवसभर दाखल्यांच्या नकला करायचे आणि पहाटे उठून कादंबऱ्या लिहायचे. पहिल्या चारांत भुयारे होती, वेषांतरे होती, कड्यावरून उड्या होत्या. कर्जतला आमच्या वखारीच्या ओट्यावर दर रविवारी दुपारी मी त्या मोठ्याने वाचत असे. भाताच्या गाड्या हाकणारा धाकू, लाकडाचे व्यापारी हसनमियाँ आणि आणखी दहाबारा जण ऐकायला. भिसेगावच्या माझ्या घरून वखारीत येताना लोक मला वाटेत अडवून विचारत, सरदार भुयारातून सुटला का. कीर्ती सदूभाऊंची, पण ती मी रोज मिरवत घरी नेत असे.

मग सदूभाऊ बदलले. पाचव्या कादंबरीत भुयार तर सोडाच, साधा जिनाही नव्हता. एक सून, तिचा नवरा आणि स्वयंपाकघर. सातव्या प्रकरणात ती तांदूळ निवडायला बसते आणि अकरा पाने निवडतच राहते. मला जांभया आवरेनात. सदूभाऊंना मात्र मी पत्र टाकले, "अप्रतिम." आणि त्या रविवारी, कोणी उठून जाऊ नये म्हणून, न्हाणीच्या खिडकीतून एक दरोडेखोर आत घेतला. पुस्तक डोळ्यांसमोर धरून, पाने उलटत, मी त्याला सुनेच्या हातून उलथन्याने बडवला. ओटा खूश.

पुढच्या महिन्यात सदूभाऊ स्वतःच ओट्यावर हजर. प्रकाशकाला भेटायला मुंबईला निघाले होते, गाडीला अवकाश होता. प्रकाशकाला पुन्हा भुयारे हवी होती. त्याचे ऐकावे की आपल्याला सुचते तसे लिहावे, हे त्यांचे ठरत नव्हते. म्हणून ऐकणाऱ्यांनाच विचारायला आले होते. धाकू पुढे सरसावला. "साहेब, तो दरोडेखोर न्हाणीतनं आला ना, तवा आमी सगळं उभं राह्यलो. असं लिवणारा दुसरा नाय."

सदूभाऊंनी माझ्याकडे पाहिले. मी तराजूची साखळी पुसायला घेतली. "आवडला ना? बरं झालं," एवढेच ते धाकूला म्हणाले. मी त्यांना स्टेशनवर पोचवायला निघालो, तेव्हा वाटेत मात्र थांबले.

"माझ्या सुनेच्या न्हाणीत हा कुठून आला हो?"

मी कबूल केले.

"कंटाळा आला होता, तर पत्रात का नाही लिहिलंत? आता त्या प्रकाशकाला मी काय सांगू?"

यातून सुटायला माझ्याजवळ एकही भुयार नव्हते. तेच म्हणाले, प्रकाशकाला पंधरा दिवस थांबवतो. येत्या रविवारी ते प्रकरण छापले आहे तसे वाचा, आणि जे घडेल ते लिहून कळवा.

रविवारी आधी ओट्यापुढे कबुली दिली की दरोडेखोर माझा होता. लोक पोट धरून हसले. मग वाचायला लागलो. दुसऱ्याच पानावर हसनमियाँनी विचारले, "दिवाणजी, आज पुस्तक आजारी आहे का?" आणि डोळे मिटले. चौघे उठून गेले. घाम पुसत मी शेवटाला पोचलो आणि पुस्तक मिटले, तर धाकू तसाच बसलेला. म्हणाला, "ओ दिवाणजी, तो शेवटचा खडा तिला दिसला व्हता. तरी नवऱ्याच्या भातात जाऊ दिला. मुद्दामच ना?"

मी पान उलटून पाहिले. होते तसे. दोनदा वाचूनही मला दिसले नव्हते. घरात दरोडेखोर शिरल्यावर खडे कोण बघतो? धाकू पुटपुटला, "म्हंजे आमच्या घरी पण…" आणि गाडी जुंपायला उठला.

मी सगळे लिहिले. कोण झोपले, कोण गेले, धाकू काय म्हणाला. आणि मला स्वतःला अजून भुयारेच आवडतात, हेही. उत्तराचे कार्ड आले : "धाकूला सांगा, मुद्दामच. प्रकाशकाला नाही म्हटले." पुढच्या दोन कादंबऱ्या त्यांनी एका लहान छापखान्यातून काढल्या. दोन्हींवर मी खरेखुरे लिहीत गेलो. काही प्रकरणांनी रडवले, काहींनी झोपवले. ते रागावले नाहीत, उलट माझ्या पत्राला उशीर झाला की त्यांचे कार्ड यायचे, "डोळा लागला की काय?"

शेवटची कादंबरी ते पुरी करून गेले. वहिनींनी हस्तलिखित माझ्याकडे पाठवले आहे, आणि गेले तीन रविवार आम्ही ते वाचतो आहोत. सोमवारी सकाळी मी सवयीने कार्ड घेऊन बसतो, खालापूरचा पत्ता लिहितो, आणि मग… तेव्हा इथेच लिहितो. सदूभाऊ, तिसरे प्रकरण लांबले आहे. हसनमियाँ झोपले, मलाही पेंग आली. चौथे मात्र पुढच्या रविवारपर्यंत धीर न निघून मी काल रात्रीच एकट्याने वाचून टाकले.