वर्षातून दोनदा प्रेमात पडणारे दाजी

आमचे दाजी वर्षातून दोनदा आपल्याच बायकोच्या प्रेमात पडत. मधल्या काळात ती घरात आहे हे त्यांना माहीत तरी असे की नाही, याची मला शंका आहे. अक्का माझी थोरली बहीण, उमापूरहून लग्न करून परळीला गेलेली. तिथं दाजींचं मोटारी भरण्याचं दुकान आणि मागं दोन खोल्यांचं घर. शेतकरी विहिरीवरची जळालेली मोटार आणून टाकत आणि दाजी तिच्यात नवी तार भरून देत. हाताला इतकी सफाई की गिऱ्हाईक लांबून यायचं.

प्रेमाचा मोसम आला की लांबूनच ओळखू येई. रोज दाढी, कानात अत्तराचा फाया, रात्रीची झोप नाही, आणि दोन दिवसांत दहा मोटारी भरून तयार. अक्काला गजरा आणत आणि एखाद्या गिऱ्हाइकाच्या बायकोलाही तितक्याच प्रेमानं देत. "माझ्यात लई करंट हाय, पाव्हणं," असं मला सांगत. मेहुण्याला दाजींची चेष्टा करायचा हक्कच असतो. मी म्हणे, "जपा दाजी, फ्यूज उडंल." यावर ते सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसत.

फ्यूज खरंच उडे. मग हाच माणूस भिंतीकडे तोंड करून महिनोन् महिने पडून राही. दुकानासमोर मोटारींचा ढीग लागे, शेतकरी शिव्या देऊन जात. अक्का चहा ठेवी आणि गार झालेला उचलून नेई. तिच्याशी दोन शब्द नाहीत, तिच्याकडे पाहणं नाही. तेव्हाही मी "दाजी, आज करंट न्हाई का?" असं विचारत असे. त्याची मला आज लाज वाटते.

आमची मोठी चूक झाली ती धोंड्याच्या महिन्यात. अधिक महिना लागला की जावयाला पुरणाचे धोंडे खायला बोलावतात, कपडे करतात. दाजी आले ते ऐन मोसमात. भरल्या पंगतीत, वडीलधाऱ्यांसमोर, त्यांनी अक्काच्या केसात स्वतःच्या हातानं गजरा माळला. जेवण झाल्यावर पाहुण्यांनी भरलेल्या घरात तिचा हात धरून तिला आतल्या खोलीत नेलं आणि कडी लावली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. वडील मिशीत हसत म्हणाले, "जावई पोरीवर जीव टाकतो." बाहेर आलेल्या अक्काचं तोंड उतरलं होतं. चुलीपाशी ती आईला म्हणाली, "आई, ह्यांना नको म्हणलेलं कळतच न्हाई गं. दिवस न्हाई, येळ न्हाई." आई म्हणाली, "नवरा जवळ घेतो म्हणून कुणी रडतं का?" मी दारात उभा होतो आणि मलाही तेव्हा आईचंच बरोबर वाटलं.

पंधरा दिवसांनी दाजी तेलगावला मोटार बसवायला गेले ते परतलेच नाहीत. पाचव्या दिवशी मी शोधत गेलो. एका एकट्या बाईच्या घरी ते राहिले होते आणि तिला लग्नाचा शब्द देऊन बसले होते. "दोघीबी सुखात राहतील, पाव्हणं. माझ्यात लई प्रेम हाय." मी म्हणालो, "दाजी, एका मोटारीवर दोन विहिरी चालत न्हाईत." ते खदखदून हसले. त्या बाईनं मात्र सगळं खरं धरलं होतं. आमचं बोलणं ऐकून तिनं त्यांची पिशवी दारात आणून ठेवली आणि आत जाऊन दार लावलं.

अक्का कपडे घेऊन उमापूरला आली. म्हणाली, "आता मला नांदायला पाठवू नका." आणि महिन्याभरानं दाजी आले. अत्तर नाही, दाढी वाढलेली. ओट्यावर बसले आणि खाली बघत म्हणाले, "न्यायला आलो न्हाई. तेवढं तोंड न्हाई मला. तुमच्या अक्काला म्हणावं, माझी वाट बघू नको." अक्का आतून ऐकत होती. तिनं बाहेर येऊन त्यांना नीट पाहिलं आणि मला म्हणाली, "ह्यांना आधी दवाखान्यात न्यायचं. नांदायचं मग बघू."

अंबाजोगाईच्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून आजाराचं नाव बायपोलर सांगितलं. मन कधी उधळतं, तेव्हा झोपही उडते; कधी बसतं, आणि अंथरुणावरची ओढही त्याच्याबरोबर उधळते आणि बसते. अंथरुणातलं हे सगळं डॉक्टरबाईंनी इतकं सरळ विचारलं की सोबत आलेले वडील डोळे वर करून पंखा बघत बसले. अक्का मात्र बोलली. दहा वर्षांचं बोलली. दाजी ऐकत होते, आणि तिला काय सोसावं लागलं ते त्यांना तिथं पहिल्यांदा कळलं असावं.

गोळ्या सुरू झाल्या. अक्का परळीला गेली, पण अट घालून गेली: गोळी माझ्यासमोर, आणि माझं 'न्हाई' म्हणजे न्हाई. तिच्यासमोर जिभेखाली धरायची आणि मागून थुंकायची, अशी पुढं दाजींनी गोळी गुपचूप बंद केली. मी झापलं तर म्हणाले, "गोळीनं मी लाकूड होतो, पाव्हणं. तुमच्या अक्कानं काय लाकडासंगं संसार करावा?" हे मी अक्काच्या कानावर घातलं आणि तिनंच डॉक्टरबाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "यावरही इलाज असतो. मला सांगायचं, आपल्या मनानं बंद करायचं नाही." औषध बदललं. दाजी आता वर्षभर एकसारखे असतात. गिऱ्हाइकांना ते जरा बेचव वाटतात.

परवा परळीला गेलो तेव्हा दाजी मोटारीत तार भरत होते. हात न थांबवता हळूच म्हणाले, "तुमची अक्का आज लई देखणी दिसायली. आता हे खरं का दुखणं, मला कळंना झालंय." या वेळी मी चेष्टा न करता आत जाऊन अक्काला जसंच्या तसं सांगितलं. ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, "रोज गोळी घेतेत, ते मी बघते. रात्री झोप झाली का, विचार." मी दुकानात जाऊन विचारून आलो. दहाला झोपले, सहाला उठले.

अक्कानं हात धुतले, पदर सारखा केला.

"मग खरं हाय," ती म्हणाली. "त्यांना म्हणावं, इथं येऊन बोला की."

दाजी तार तशीच टाकून उठले. मी दुकानात बसून राहिलो. गिऱ्हाईक आलं तर त्याला थांबवायला कुणीतरी हवंच होतं.