गुठळी दिसली का?

आमच्या लॅबचे किस्से एकेकटे सांगताच येत नाहीत. एक उचलावा, तर त्याला चिकटून दुसरा वर येतो. तिसऱ्याला तर बोलवावंच लागत नाही.

दोष ग्राफीनचा. ग्राफीन म्हणजे कार्बनचे अतिशय पातळ पापुद्रे. ही काळी पूड प्लास्टिकमध्ये नीट पसरली की प्लास्टिक मजबूत होतं. पण ती पसरतच नाही, गुठळ्या करून बसते. त्या मोडायच्या, एवढंच आमचं बीडच्या कॉलेजातलं संशोधन! आमचे गाईड काळे सर माजलगावचे. नव्या विद्यार्थ्याला ते समजावतात, "लग्नाचा हॉल केवढाबी असू दे, आमच्या गावचे पाहुणे एकाच कोपऱ्यात बसतेत. त्यांला हॉलभर बसवायचं, आन् कुणाला रुसूबी द्यायचं न्हाई. जमलं, की पीएच.डी."

*

गुठळ्या फोडायला आमच्याकडे एक मशीन आहे. ते आवाजाच्या लहरींनी द्रावणाला हादरे देतं. त्यानं द्रावण तापतं, म्हणून भोवती बर्फ ठेवायचा, आणि तो गेटसमोरच्या रसवंतीतून आणायचा.

रसवंतीवाल्या मामांनी एकदा विचारलं, "रोज बर्फ नेता, करता तरी काय?"

मी म्हटलं, "एकमेकांना चिकटलेले सोडवतो, मामा."

मामांनी बर्फ पोत्यात बांधता बांधता विचारलं, "आमचं पोरगं मोबाईलला चिकटलंय. त्याला घेऊन येऊ का?"

*

ही पूड नखांत बसली की आठवडाभर निघत नाही. तशाच नखांनी मी पाली गावात मुलगी बघायला गेलो. पोह्यांची बशी हातात घेतली आणि मुलीच्या काकांची नजर नखांवर पडली.

"गॅरेज हाय का तुमचं?"

"नाही, मी नॅनोटेक्नॉलॉजीत आहे."

"नॅनो म्हंजी?"

"खूप लहान."

"हां," काका समजुतीनं म्हणाले, "लहान गॅरेज हाय."

तिथं जमलं नाही.

*

पूड सुटी व्हावी म्हणून साबणासारखं एक रसायन घालतात. एकदा ते आमच्याकडून जरा सढळ हातानं पडलं. साच्यातून प्लास्टिकची चकती काढली, तर गुठळी एकही नाही, पण आत बुडबुडेच बुडबुडे. सरांनी ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"प्लास्टिक मजबूत करायचं ठरलं व्हतं ना? मग जाळीदार अनारसे कावून केले?"

*

आमच्यात सगळ्यांत चिवट कडा गावची सुनीता. आम्ही कंटाळून चहाला जायचो, ही मशीनपाशी. तरी चकतीचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवला की गुठळ्यांचे काळे ठिपके हजर. आमच्याकडे काही दिसलं तर नापास आणि काहीच दिसलं नाही तर पास! त्यात तिची शेवटची मुदतवाढ चालू होती. ती संपली असती, तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती.

गावात सोयरे तिच्या वडिलांच्या मागे लागलेले, पोरीचं लग्न उरकून टाका म्हणून. अण्णा साखर कारखान्यातून रिटायर झालेले, बोलणं कमी. "तिचं शिकून होऊ द्या," एवढंच म्हणायचे.

आणि एक दिवस तिची चकती साधली. काप इकडून बघा, तिकडून बघा, ठिपका नाही. ती रडली. आम्हालाही रडू आलं, त्यात लाजायचं काय?

*

तिच्या व्हायव्हाला अण्णा आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, शेवटची रांग. सगळं इंग्रजीत चाललेलं. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण लेकीवरची नजर हलत नव्हती.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काप मायक्रोस्कोपखाली घेतला. सरकवून सरकवून पाहिला. शेवटी त्यांनी मान वर केली आणि त्या दिवसातलं पहिलं मराठी वाक्य बोलले, "मला तर ह्यात काहीच दिसत नाही."

शेवटच्या रांगेत अण्णा उठून उभे राहिले. हात जोडले.

"साहेब, जरा पुन्यांदा बघा. माजी पोरगी खोटं बोलणारी न्हाई."