टाकीचं झाकण

हे मी यजमानांनाही सांगितलेलं नाही. शेवटच्या आजारपणात ते महिनाभर माझ्यासमोर पडून होते, सांगता आलं असतं — नाही सांगितलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तेही खरं नाही. लिहायला बसल्यापासून दोनदा उठून चूल पाहून आले. चूल पेटलेलीही नव्हती.

कडावला आमच्या मागच्या पडवीत सासऱ्यांची विलायती मोटार उभी होती. सासरे वारले, ड्रायव्हर काम सोडून गेला, गाडीवर गोणपाट पडलं. आमच्याकडे आगोटीला, म्हणजे पावसाच्या आधी, सगळ्यांची तोंडं बंद करतात — लोणच्याच्या बरण्या, मिठाचं मडकं, पापडाचे डबे. त्या वर्षी मी गाडीचीही आगोट केली. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला मधोमध बारीक भोक होतं. ओल आत जाईल, मुंग्या जातील, म्हणून कपड्याचा साबण मळून त्यात दाबला. टाकी गळली की ड्रायव्हर साबणच लावायचा, ते पाहिलेलं. साबण वाळून दगड झाला. ते भोक असतं कशाला, हे मी कुणाला विचारलं नाही.

इथवर माझा दोष नाही. तो पुढे आहे.

काही वर्षांनी धाकटे दीर, मधूभावोजी, रसायनीहून घरी आले. कारखान्यानं काढून टाकलं होतं. एक पंप जळाला आणि तो भावोजींच्या हलगर्जीनं जळाला, असं वरच्यांनी ठरवलं. "वहिनी, मी हात लावायच्या आधीच तो तापला होता हो," हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल! ऐकून कान किटले. मग एक दिवस त्यांनी गाडीवरचं गोणपाट काढलं. टॅक्सी करायची, कशेळे ते कर्जत. स्टेशनजवळ खोली घ्यायची आणि शालूला, म्हणजे त्यांच्या बायकोला, घेऊन तिथे राहायचं. मशीन आपल्याला कळतं की नाही, ते लोकांना दिसेल — असं म्हणाले.

कर्जतचा बाबू मिस्त्री मदतीला येई. टाकीतलं पेट्रोल काकवीसारखं झालेलं, वास रंगाच्या दुकानाचा. टाकी उतरवली. आत खडी आणि रॉकेल घालून एका बाजूनं शालू, दुसऱ्या बाजूनं भावोजी अशी दोघांनी ती हलवली. लाल गंजाचं पाणी निघतच राहिलं. नळ्या फुंकल्या. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपातला पडदा चिरला होता, तो नवा बसवला. कार्बुरेटरची छिद्रं बारीक तारेनं मोकळी केली. झाकण तेवढं मी राखेनं घासून चकचकीत करून दिलं. साबणाचं विसरले होते — खरंच विसरले होते.

गाडी सुरू झाली. शालूनं नारळ फोडला. आणि कशेळ्याच्या वाटेवर गाडी बंद पडली. थोड्या वेळानं आपोआप सुरू. पुन्हा बंद.

"वैनी, ही मोटार हाय का म्हैस?" बाबू म्हणाला. "वाटेतच बसतंय जनावर!"

पुन्हा सगळं खोललं, पुन्हा लावलं. पुढच्या फेरीला मी मागे बसले होते. गाडी थांबली. आत पेट्रोल किती आहे ते काठी घालून बघायला भावोजींनी झाकण उघडलं, तसा सूं आवाज झाला. "वाफ आहे," ते म्हणाले आणि झाकण माझ्या हातात दिलं. पण मी जवळ उभी होते. वारा बाहेर येत नव्हता — आत जात होता.

तेव्हा कळलं. पेट्रोल जाईल तशी टाकीत हवा यायला हवी. ती येण्याची वाट मी बुजवली होती. पंप बिचारा ओढून ओढून थकत होता.

भोक मोकळं करायला एक दाभण पुरलं असतं. मग का नाही बोलले? चूक कबूल करायची लाज वाटली? नाही, मी एवढी लाजाळू नव्हे. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांचं हगणंमुतणं शालू काढायची. गाडी चालली की शालू जाणार, आणि ते माझ्याकडे येणार — हे मी रस्त्यात उभ्या उभ्या पाहिलं, आणि झाकण माझ्या हातानं फिरवून घट्ट लावलं.

नंतर एका लग्नाचं भाडं मिळालं. बाशिंगासकट नवरदेव गाडी ढकलत होता. "मध्या, ढकलायची मजुरी दे रं आमाला!" वऱ्हाडी ओरडत होते. त्यानंतर गाडीत कुणी बसलं नाही. बाबूनं हात टेकले. शेवटी भंगारवाला आला आणि गाडी ट्रकला बांधून ओढत घेऊन गेला.

त्या दिवशी भावोजी पानावर बसले, पण जेवेनात. म्हणाले, "वहिनी, कारखान्यात म्हणत होते ते खरंच असणार. माझ्याच हातात खोट आहे."

आणि माझ्याकडे बघत राहिले. मी नाही म्हणावं म्हणून थांबले होते, हे मला दिसत होतं. माझ्या हातात भाताचं पातेलं होतं.

मी म्हणाले, "असेल."

सासूबाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. सगळं शालूनं केलं. थोरलीनं घर एकत्र ठेवलं, असं गावात माझं कौतुक झालं, आणि मी ते घेतलं.

भावोजी अजून इथेच असतात. यंत्राला त्यांनी पुन्हा कधी हात लावला नाही. घरातला फ्यूज उडाला तरी ओट्यावर जाऊन शेजारच्याला हाक मारतात — "अरे, जरा येतोस का? मला नाही जमत त्यातलं." मी आत असते. ऐकते.